स्टॅकिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर? आधी काय टिपायचंय ते ठरवा

डीपस्कायस्टॅकर घेऊ की सिरिल? की सरळ पैसे मोजून पिक्सइनसाइटच घेऊन टाकू? आकाशाचे फोटो काढायला लागलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन अमावास्यांनंतर हा प्रश्न पडतोच. चारजणांना विचारावं तर जो जे वापरतो तो तेच सांगतो, आणि इतक्या ठामपणे सांगतो की ऐकणारा आणखी गोंधळतो. म्हणून आधी हे स्टॅकिंगचं, म्हणजे एकाच जागेचे पुष्कळ फोटो एकावर एक रचून एक चित्र करण्याचं, सॉफ्टवेअर नेमकं करतं काय ते पाहू. ते कळलं की यादीतली निम्मी नावं आपल्या कामाचीच नाहीत हे लक्षात येतं, आणि उरलेल्यांत निवड करणं फारसं अवघड राहत नाही.

एकाच जागेचे शंभर फोटो कशाला?

मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली, दक्षिणेला, एक धुरकट ठिपका दिसतो. तोच मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ, एम ४२. साध्या डीएसएलआरने त्याचा दहा सेकंदांचा फोटो काढला तर मधला उजळ भाग येतो, पण भोवतीचे पंखासारखे पसरलेले पदर नॉइजमध्ये, म्हणजे फोटोतल्या दाणेदार खरखरीत, बुडालेले असतात. ते पदर फोटोत नसतात असं नाही. तिथून आलेला प्रकाश पिक्सेलपर्यंत पोचलेला असतो, पण त्याचा आकडा इतका लहान असतो की पिक्सेलमधल्या चढउतारात तो ओळखू येत नाही.

स्टॅकिंगचा सगळा खेळ इथेच आहे. तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी आणि साधारण तेवढाच असतो. नॉइज मात्र दर फ्रेमला वेगळा असतो, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. पुष्कळ फ्रेमची सरासरी काढली की वर-खाली होणारं एकमेकांना खोडतं आणि कायम असणारं शिल्लक राहतं. किती फरक पडतो याचं गणित वर्गमुळाचं आहे. १६ फ्रेमना प्रकाश आणि नॉइज यांचं गुणोत्तर चौपट सुधारतं, १०० फ्रेमना दहापट. दहावरून वीसपट करायचं तर मात्र ४०० फ्रेम लागतात. म्हणून पहिला तासभर चित्र झपाट्याने सुधारतं आणि नंतर रात्र-रात्र जागूनही फरक नजरेत भरत नाही.

मग एकच लांबलचक एक्स्पोजर का देत नाहीत? एक तर पृथ्वी फिरते. नुसत्या ट्रायपॉडवर ५० मिमीची लेन्स असेल तर ‘पाचशेचा नियम’ (पाचशेला लेन्सच्या मिमीने भागायचं, तेवढे सेकंद) फुलफ्रेम कॅमेऱ्याला दहा सेकंद देतो आणि दीडपट क्रॉप असलेल्या कॅमेऱ्याला जेमतेम सात. त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा होतात, आणि आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांना हा नियमही सैलच पडतो. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर असला तरी शहराच्या उजेडाने पाच मिनिटांत फ्रेम पांढुरकी होते. शिवाय एक विमान मधून गेलं की अख्खं एक्स्पोजर वाया जातं. तीस सेकंदांच्या फ्रेम असतील तर विमानाने बिघडते ती एकच.

ही काही हौशी लोकांनी शोधलेली पळवाट नव्हे. डिसेंबर १९९५मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींमधल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस पाहून ‘हबल डीप फील्ड’ टिपलं, ते ३४२ एक्स्पोजर एकत्र करून. आपल्या घराजवळचंही उदाहरण आहे. नारायणगावजवळ खोडदला जी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या निरीक्षणांतून ७,६५३ दीर्घिकांचे हायड्रोजनचे अतिक्षीण संकेत एकावर एक रचून भारतीय संशोधकांनी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला वायू मोजला. २०२०मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. त्यातल्या कुठल्याही एका दीर्घिकेचा संकेत एकटा दिसण्यासारखा नव्हता. तिथे दीर्घिका वेगवेगळ्या होत्या आणि आपल्याकडे फ्रेम वेगवेगळ्या असतात, पण तत्त्व तेच.

एका पिक्सेलचं काय होतं

सॉफ्टवेअरमधला खरा फरक समजायला एकच पिक्सेल जवळून बघू. समजा, दहा फ्रेम आहेत आणि आकाशातल्या एका ठरावीक बिंदूवर त्यांत हे आकडे आलेत: ४१२, ३९८, ४०५, ४२१, ४०९, ४०२, २९५०, ४१५, ३९६, ४०८. सातव्या फ्रेममध्ये बरोबर तिथून उपग्रह गेला आहे. सरळ सरासरी काढली तर उत्तर येतं सुमारे ६६२, म्हणजे अंतिम चित्रात तिथे उपग्रहाची फिकट रेघ उमटणार. मध्यक घेतला, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलला, तर ४०८.५ येतं. रेघ गायब. पण मध्यक घेताना उरलेल्या फ्रेममधली बरीच माहितीही वाया जाते आणि सरासरीच्या तुलनेत नॉइज थोडा जास्त राहतो. सगळ्यात बरं म्हणजे तेवढा २९५० बाजूला काढायचा आणि उरलेल्या नऊंची सरासरी घ्यायची. ती येते ४०७.३.

हा ‘बाजूला काढणं’ प्रकार म्हणजेच मेनूमध्ये दिसणारं सिग्मा क्लिपिंग. नेहमीच्या चढउताराच्या मापाला सिग्मा म्हणतात. त्याच्या तीनपट पलीकडे गेलेला आकडा संशयित धरायचा आणि फेकायचा. यात एक गंमत आहे. दहा आकड्यांत एखादा आकडा कितीही उंच गेला तरी सरासरीपासून मोजल्यावर तो तीन सिग्मांच्या बाहेर जाऊच शकत नाही, कारण तो स्वतःच सिग्मा फुगवून ठेवतो. वरच्या उदाहरणात २९५० असा थोडक्यात सुटतो. चोरानेच पंचनामा लिहिण्यातला प्रकार. म्हणून सुधारित पद्धती आल्या. विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंगमध्ये टोकाचे आकडे आधी आत ओढून घेतात आणि मग सिग्मा काढतात. सिरिलच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे सहापर्यंत फ्रेम असतील तर पर्सेंटाइल क्लिपिंग बरं, पन्नासच्या वर गेलात तर जीईएसडीटी नावाची पद्धत उत्तम काम करते, आणि मधल्या सगळ्या गर्दीला विन्सराइज्ड चालतं.

सॉफ्टवेअर निवडताना पहिली पाहायची गोष्ट ही. सरासरी सगळेच काढतात. नको ते आकडे कसे ओळखायचे, याचे पर्याय किती आहेत आणि ते तुमच्या हातात दिलेत की झाकून ठेवलेत, यावर बरंच अवलंबून आहे. हल्ली एका रात्रीत इतके उपग्रह फ्रेममधून जातात की हा भाग कच्चा असलेलं सॉफ्टवेअर घेण्यात अर्थ नाही.

डार्क, फ्लॅट, बायस

कॅमेरा-लेन्सचे स्वतःचे दोष आकाशाच्या फ्रेममधून काढायला या जास्तीच्या फ्रेम घेतात. याविषयी थोडक्यात, कारण हे सॉफ्टवेअरपेक्षा शूटिंगच्या शिस्तीचं काम आहे. लेन्सला झाकण लावून, तेवढंच एक्स्पोजर आणि तोच आयएसओ ठेवून काढलेल्या फ्रेम म्हणजे डार्क. सेन्सरमधले तापट पिक्सेल त्यात उघडे पडतात. झाकण लावून सगळ्यात कमी वेळाच्या शटरला काढलेले ते बायस. सगळीकडे सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचे काढलेले ते फ्लॅट.

डार्कबाबत आपल्याकडे एक अडचण असते. झाकण लावलेलं असतानाही सेन्सरमध्ये जमा होणारी विजेची गळती दर सहा-सात अंशांना साधारण दुप्पट होते. डिसेंबरात माळावर पहाटे बारा अंश असतं आणि मेमध्ये तिथेच सव्वीस. डिसेंबरात काढून ठेवलेले डार्क मेमध्ये वापरले तर उपयोगापेक्षा अपाय जास्त. सेन्सर थंड ठेवणारा कॅमेरा नसेल तर त्याच रात्री, आवरायच्या आधी डार्क काढावेत.

आणि लोक सगळ्यात जास्त टाळतात ते फ्लॅट, तेच सगळ्यात मोलाचे. लेन्सच्या कडांना येणारा अंधार आणि सेन्सरवरची धूळ फ्लॅटशिवाय जात नाही. एका फोटोत जी धूळ दिसतही नाही, ती शंभर फ्रेमनंतर काळ्या वर्तुळासारखी उठून दिसते. पहाटे उजाडू लागलं की लेन्सवर पांढरा सुती टीशर्ट घट्ट ताणायचा, फोकसला हात न लावता आकाशाकडे धरून वीस-पंचवीस फ्रेम घ्यायच्या. पाच मिनिटांचं काम आहे. लॅपटॉपचा पांढरा स्क्रीनही चालतो.

चंद्र-ग्रहांचा रस्ता वेगळा

इथे पहिला मोठा फाटा फुटतो. गुरू, शनी, चंद्र टिपायचे असतील तर वर विचारलेल्या तिन्ही नावांपैकी एकही तुमच्यासाठी नाही.

ग्रहांना प्रकाशाची कमतरता नसते. तिथे त्रास असतो हवेचा. वातावरणातले थर हलत असतात आणि दुर्बिणीतून गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी असावा तसा लपलपताना दिसतो. मधूनच एखादा क्षण हवा स्थिर होते आणि पट्टे लख्ख दिसतात. म्हणून ग्रहांचा व्हिडिओ घ्यायचा. दर सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने दोन मिनिटं घेतला तर ७,२०० फ्रेम होतात. त्यातल्या सगळ्यात स्पष्ट वीस टक्के, म्हणजे १,४४० फ्रेम ठेवायच्या आणि बाकीच्या टाकून द्यायच्या. तेजोमेघाच्या बाबतीत आपण मिळेल ती फ्रेम जपतो, इथे पाचांतल्या चार फेकतो. इतक्या उलट्या दोन कामांना एकच हत्यार कसं पुरणार?

या कामात ऑटोस्टॅकर्ट हे नेदरलँड्सच्या एमिल क्रायकाम्प यांचं मोफत सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं पहिल्या पसंतीचं आहे. ते मूळचं विंडोजचं. ते बिंबावर बरेच जुळणीबिंदू पेरतं आणि प्रत्येक बिंदूभोवतालचा तुकडा वेगळा जुळवतं, कारण हवा चंद्राच्या एका विवराला डावीकडे ढकलते तेव्हा शेजारच्याला उजवीकडे ढकलत असू शकते. दर्जाचा आलेखही दाखवतं. तो आलेख कुठे कोसळतो ते बघून किती टक्के फ्रेम घ्यायच्या ते ठरवायचं. हवा वाईट असेल त्या रात्री पाच-दहा टक्क्यांवर समाधान मानावं लागतं. यातून निघालेलं चित्र मऊच असतं. त्यातले बारकावे वेव्हलेट या धार आणणाऱ्या गणिती पद्धतीने वर काढायचे असतात, त्यासाठी पुष्कळ लोक अजूनही रेजिस्टॅक्स हे जुनं सॉफ्टवेअर उघडतात.

गुरूचा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका. तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. तीन मिनिटांत जवळजवळ दोन अंश. त्यापुढे पट्ट्यांमधले तपशील एकमेकांत मिसळायला लागतात. शनी बराच सोसतो, त्याच्यावर तेवढे तपशीलच दिसत नाहीत.

गड, झाड, तळं आणि वर आकाशगंगा

दुसरा फाटा जमिनीसकट आकाशाचा. एप्रिल-मेच्या पहाटे वृश्चिक-धनूमधली आकाशगंगा एखाद्या गडाच्या तटबंदीवर उभी धरायची असेल, तर नेहमीचं स्टॅकर तारे जुळवेल आणि तटबंदी पुसट करून ठेवेल, कारण ताऱ्यांच्या हिशेबाने जमीनच सरकत असते. सीक्वेटर हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं यासाठी आहे. आकाश कुठून सुरू होतं ते ब्रशने रंगवून सांगायचं, ‘फ्रीझ ग्राउंड’ निवडायचं, की ते दोन्ही भाग वेगवेगळे रचतं. शिकायला अर्धा तास पुरतो. फक्त विंडोजवर चालतं. मॅकवाल्यांना स्टारी लँडस्केप स्टॅकर विकत घ्यावं लागतं. झाडाच्या फांद्यांमधून आकाश दिसत असेल तिथे मात्र दोघांचीही तारांबळ उडते, तेवढी चौकट निवडताना टाळलेली बरी.

दूरचं आकाश: इथेच खरी निवड

आता राहिले तेजोमेघ, दीर्घिका, तारकागुच्छ. डीपस्कायस्टॅकर हे बहुतेकांचं पहिलं सॉफ्टवेअर. ल्यूक क्वाफिए यांनी ते लिहिलं आणि आता ते मुक्तस्रोत आहे, स्वयंसेवक सांभाळतात. डाव्या बाजूच्या यादीप्रमाणे लाइट (म्हणजे आकाशाच्या मूळ फ्रेम), डार्क, फ्लॅट भरत जायचं आणि बटण दाबायचं. ते प्रत्येक फ्रेमला तारे मोजून गुण देतं, आणि त्यातल्या उत्तम ८० टक्केच घे असं आपण सांगू शकतो. जुन्या, मध्यम ताकदीच्या लॅपटॉपवरही ते गुमान काम करतं.

त्याच्या दोन गोष्टींना नवे लोक अडखळतात. एक, ‘फक्त एकच फ्रेम स्टॅक होईल’ असा निरोप येतो. म्हणजे त्याला जुळवण्यापुरते तारे सापडलेले नसतात. तारे ओळखण्याचा उंबरठा कमी करायचा आणि सापडलेल्या ताऱ्यांचा आकडा पन्नास-शंभरावर जातो का ते बघायचं. तरीही जात नसेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही, फोकस ढासळलेला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटी समोर येणारं चित्र करडं आणि मरगळलेलं असतं. तिथल्या स्लायडरशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. ते आपोआप साठवतं ती ‘ऑटोसेव्ह’ नावाची ३२ बिटची टिफ फाइल उचलायची आणि पुढचं काम दुसरीकडे करायचं.

इथेच सिरिल पुढे जातं, आणि आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवेन. तेही मुक्तस्रोत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. फुकट ते पौष्टिक म्हणतात ते इथे अक्षरशः लागू पडतं, कारण स्टॅकिंगनंतरची निम्मी वाटही त्याच छपराखाली पार होते. शहराच्या उजेडाचा उतार काढता येतो, ताऱ्यांचे रंग शास्त्रीय तारकासूचीशी ताडून बसवता येतात, स्ट्रेच करता येतं, म्हणजे अंधारातले आकडे डोळ्याला दिसतील इतके ताणता येतात. उजेडाचा उतार ही आपल्याकडची रोजची डोकेदुखी आहे. वांगणीला आकाशदर्शनाला गेलात तरी मुंबई-कल्याणचा उजेड एका बाजूने चढलेला असतोच, पुण्याभोवती तर सगळ्या बाजूंनी.

सिरिलची ख्याती अवघड म्हणून आहे, आणि ती बरीचशी पहिल्या पंधरा मिनिटांमुळे. ती कशी पार पाडायची ते सांगतो. एक फोल्डर करा. त्यात लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस अशी चार उपफोल्डर करा. नावं इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, अनेकवचनी: lights, darks, flats, biases. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की स्क्रिप्ट (सगळ्या पायऱ्या ओळीने आपोआप करणारी आज्ञांची यादी) लाल अक्षरांत कुरकुरून थांबते. रॉ फायली त्या-त्या फोल्डरमध्ये टाका. सिरिलमध्ये घराचं चिन्ह दाबून तो मोठा फोल्डर निवडा. मग स्क्रिप्टच्या मेनूतून साध्या रंगीत कॅमेऱ्यासाठीची ‘ओएससी प्रीप्रोसेसिंग’ निवडा. डार्क किंवा फ्लॅट नसतील तर त्यांच्याशिवाय चालणाऱ्या वेगळ्या स्क्रिप्ट तिथेच असतात. मग चहा टाका. तयार झालेल्या फायलीच्या नावातच एकूण किती सेकंदांचं एक्स्पोजर जमलं ते लिहिलेलं असतं.

ती फाइल उघडली की काळी दिसते. घाबरायचं कारण नाही. आकडे अजून सरळ रेषेत आहेत, डोळ्याला दिसतील असे ताणलेले नाहीत. खालच्या पट्टीत ‘लिनियर’च्या जागी ‘ऑटोस्ट्रेच’ निवडलं की तेजोमेघ वर येतो, बहुधा हिरवट रंगात. व्हाइट बॅलन्स अजून लावलेला नसतो म्हणून तसं दिसतं. कडा कातरा, उतार काढा, मग रंग बसवा, आणि त्यानंतरच खरं स्ट्रेच करा. हा क्रम उलटा केलात तर रंग शेवटपर्यंत रुळावर येत नाहीत.

सिरिल निवडताना डिस्कची जागा मात्र आधी बघा. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण तीस एमबीची. रंग वेगळे करून ३२ बिटमध्ये मांडली की तीच एक फ्रेम २८८ एमबी होते. शंभर फ्रेमचे जवळपास २९ जीबी, आणि अशा मधल्या प्रती एकाहून जास्त वेळा बनतात. ६० जीबी मोकळे नसतील तर स्क्रिप्ट अर्ध्यात मान टाकते. प्राधान्यांमध्ये (प्रेफरन्सेस) १६ बिट निवडलं की जागा निम्मी लागते. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडीवर हे काम कितीतरी लवकर उरकतं. रॅम वाढवण्यापेक्षा आधी एसएसडी घाला, असं माझं मत.

पैसे मोजावेत का?

पिक्सइनसाइट हे स्पेनच्या प्लेयादेस अ‍ॅस्ट्रोफोटो या कंपनीचं. परवाना सुमारे ३०० युरोंचा, वर कर. आजच्या दराने तीस हजारांच्या घरात. एकदाच भरायचे, वर्षाला नाहीत. त्यातली डब्ल्यूबीपीपी ही व्यवस्था प्रत्येक फ्रेमला दर्जाप्रमाणे वजन देते. म्हणजे पातळ ढग येऊन गेला त्या फ्रेमचं मत कमी मोजलं जातं. वेगवेगळ्या रात्रींच्या, वेगवेगळ्या फिल्टरच्या फ्रेम ती स्वतः गट पाडून हाताळते. थंड केलेला कृष्णधवल कॅमेरा, फिल्टरचं चाक, महिना-महिना एकच लक्ष्य अशा पातळीवर गेलात तर पैसे वसूल होतात. चाळीस हजारांचा डीएसएलआर आणि ट्रायपॉड असताना ते घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्या पैशांत एखादा जुना ट्रॅकर मिळाला तर चित्रात त्याने पडणारा फरक कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठा असेल. तरी उत्सुकता असेल तर ४५ दिवसांची चाचणी मिळते. ती जून-जुलैत सुरू करू नका. चाचणी संपेपर्यंत पाऊसच पडत असेल. आधी फ्रेम जमवा, मग मुदत सुरू करा.

अ‍ॅस्ट्रो पिक्सेल प्रोसेसर हे दुसरं विकतचं नाव. आकाशाचे शेजार-शेजारचे तुकडे टिपून मोठं चित्र जोडायचं असेल, म्हणजे मोझेक, तर ते फार कमी कटकटीत करून देतं. वर्षभरासाठी भाड्याने घेता येतं किंवा कायमचं.

जे कोणीच करून देत नाही

कुठलंही स्टॅकर घेतलं तरी काही गोष्टी त्याच्या हाताबाहेर असतात. फोकस सुटलेला असेल तर शंभर धूसर फ्रेमची सरासरी धूसरच येते, फक्त नितळ धूसर. दुसरं म्हणजे चित्रभर तिरक्या पावसासारख्या बारीक रेघा दिसतात, त्याला वॉकिंग नॉइज म्हणतात. ट्रॅकर थोडा चुकत असतो, तारे सेन्सरवर एकाच दिशेने हळूहळू सरकत जातात. तारे जुळवताना सेन्सरचे कायमचे डाग उलट्या दिशेने ओढले जातात आणि रेघ उमटते. लोक याच्यासाठी सॉफ्टवेअर बदलत बसतात. इलाज शूटिंगच्या वेळीच करायचा असतो: दर पाच-दहा फ्रेमनंतर कॅमेरा किंचित, आणि दर वेळी वेगळ्या दिशेला हलवायचा. याला डिदरिंग म्हणतात. मग डाग एका जागी किंवा एका रेषेत पडत नाहीत आणि क्लिपिंग त्यांना उचलून फेकतं.

डिदरिंगचा दुसरा फायदा ड्रिझल वापरताना होतो. हबल डीप फील्डच्या कामासाठीच अँड्र्यू फ्रुक्टर आणि रिचर्ड हूक यांनी ही पद्धत काढली. किंचित सरकलेल्या फ्रेममधून पिक्सेलपेक्षा बारीक तपशील परत मिळवायची ती युक्ती आहे. मेनूत ‘ड्रिझल’ दिसलं की टिचकी मारायचा मोह होतो. पण फ्रेम सरकलेल्याच नसतील, किंवा वीसच असतील, तर फक्त फाइल चौपट होते आणि नॉइज वाढतो.

दोन सॉफ्टवेअर ताडून बघायची असतील तर एकाच रात्रीच्या त्याच फ्रेम दोघांना द्या आणि निकाल स्ट्रेच न करता, एकाच तिसऱ्या ठिकाणी उघडा. प्रत्येकाने आपापल्या परीने सजवून दाखवलेलं चित्र तुलनेला घेऊ नका. त्यात जिंकतो तो सजावट करणारा. चित्राचे कोपरे मोठे करून तारे गोल आहेत का ते बघा, उपग्रहाची रेघ जिथे होती तिथे काही उरलंय का ते बघा. डीपस्कायस्टॅकर, सिरिल आणि पिक्सइनसाइट यांच्यात नीट घेतलेल्या फ्रेमवर एवढ्या टप्प्यापर्यंत फरक थोडाच सापडेल. तो खरा दिसतो पुढच्या सोयींमध्ये.

सीस्टारसारखी स्मार्ट दुर्बीण असणाऱ्यांना हे सगळं दुरून ऐकल्यासारखं वाटेल, कारण ती दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम स्वतःच रचून फोनवर चित्र दाखवते. पण तिच्या सेटिंगमध्ये सुट्या फ्रेम साठवण्याचा पर्याय असतो. तो चालू करून ठेवा. त्या फ्रेम सिरिलमध्ये घालून पुन्हा स्टॅक केल्या की ढगाळ आणि हललेल्या फ्रेम आपल्या हाताने वगळता येतात, आणि दोन-तीन रात्रींचं काम एकत्रही करता येतं.

काम झाल्यावर मधल्या प्रती पुसून टाका, त्या पुन्हा बनवता येतात. मूळ रॉ, डार्क, फ्लॅट मात्र तारखेच्या फोल्डरमध्ये बाहेरच्या डिस्कवर ठेवा. शंभर फ्रेमचे तीनच जीबी होतात, आणि पुढच्या पावसाळ्यात नव्या आवृत्तीवर तेच पुन्हा चालवून बघायला हाताशी असतात.